रॉय, देजार्दँ आणि मधलं 'उर्फ' : सासरच्या वंशावळीच्या नोंदी

३ नोव्हेंबर

काम ठरलं. सासरे येत्या जुलैत ऐंशीचे होतील, तेव्हा त्यांना चौकटीत बसवलेला वंशवृक्ष द्यायचा. ते माझ्या गळ्यात पडलं, कारण आमच्या सांगलीच्या घरी छापील कुलवृत्तांत आहे असं मी कधीतरी जेवताना बोलून गेले होते आणि नणंदेनं ते बरोबर लक्षात ठेवलं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं, तिकडे हेळवी नसतात का? येतो, चोपडी उघडतो, सात पिढ्या घडाघडा वाचून दाखवतो." मॉन्ट्रियलच्या थंडीत हेळवी काही यायचा नाही. चोपड्या आपल्यालाच उघडायच्या आहेत.

हातात आत्ता दोनच गोष्टी. एक, आतेसासूबाईंची वही, तिच्यात नवऱ्याच्या पणजोबांपर्यंतची नावं आहेत. दुसरी, क्वेबेक प्रांतातल्या कामुरास्काकडच्या एका दफनभूमीतल्या दगडाचा फोटो. वहीत पणजोबांचं आडनाव देजार्दँ. फोटोतला दगड त्यांच्या सख्ख्या भावाचा, आणि त्यावर कोरलंय रॉय. (लिहायचं रॉय, म्हणायचं र्वा. बंगालशी संबंध नाही.) आई-वडील तेच, गाव तेच. सासऱ्यांना विचारलं तर खांदे उडवून म्हणाले, "आमच्यात असंच असतं."

९ नोव्हेंबर

क्वेबेकमध्ये हे काम इतकं जमून का येतं, ते आज नीट वाचलं. श्रेय चौदाव्या लुईच्या कारकुनीला. १६६७ च्या फर्मानानं पाद्रींना बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही दोन प्रतींत ठेवायला लावली. एक प्रत चर्चमध्ये राहायची, दुसरी न्यायालयात जमा व्हायची. एक जळाली, भिजली, उंदरांनी खाल्ली तरी दुसरी उरते. त्याआधी १६४० मध्ये क्वेबेक शहरातलं चर्च जळालं होतं आणि वह्याही गेल्या होत्या. तेव्हा दुसरी प्रत नसल्यामुळे लोकांच्या आठवणीवरून नोंदी पुन्हा लिहाव्या लागल्या. पुढे फ्रेंच गेले, इंग्रज आले, तरी चर्चच्या वह्या सरकारदरबारी चालत राहिल्या. जन्म-मृत्यूचं दप्तर पूर्णपणे सरकारी झालं ते थेट १९९४ मध्ये.

या वह्यांवर लोकांनी आयुष्यं घातली आहेत. सिप्रियाँ ताँगे या पाद्र्यानं १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशावळकोश काढला, तो अजून वापरात आहे. द्रुएँ संस्थेनं १९४० च्या दशकात वह्यांची पानंच्या पानं फिल्मवर घेतली. १९६६ मध्ये मॉन्ट्रियल विद्यापीठानं संगणकावर एकेका माणसाचा बाप्तिस्मा, लग्न आणि दफन जुळवायला घेतलं. कोणाचं आडनाव पाद्र्यानं कसंही लिहिलेलं असो, त्या यादीत माणसाला एक क्रमांक असतो आणि आडनावाचं एक ठरीव रूप असतं. तिथे आमचे लोक 'रॉय देजार्दँ' असे एकत्र सापडतात.

माझ्यापुरतं ठरवलंय: कोश आणि याद्या वाट दाखवायला, चौकटीत जाईल ते मूळ पान पाहूनच.

१५ नोव्हेंबर

'उर्फ' प्रकरण. फ्रेंच नोंदीत दोन नावांच्या मध्ये 'दी' असा शब्द येतो, त्याचं काम आपल्या उर्फसारखं. रॉय उर्फ देजार्दँ. पहिलं बापाकडून आलेलं, दुसरं कुठून तरी चिकटलेलं. पण चिकटलेलं नाव मुलांकडे, नातवंडांकडेही जातं, आणि मग कोणी पहिलं वापरतो, कोणी दुसरं, कोणी दोन्ही.

सगळ्यात जास्त नावं लष्करानं दिली. फ्रेंच शिपाई भरती झाला की त्याला पलटणीत एक नाव मिळायचं. १६६५ मध्ये इरोक्वा या इथल्या मूळ रहिवाशांशी लढायला कारिन्याँ-सालिएर रेजिमेंटचे बाराशेच्या आसपास शिपाई इथे उतरले, त्यांतले सुमारे चारशे जमीन घेऊन इथेच राहिले आणि पलटणीतलं नावही राहिलं. ही नावं वाचताना हसू आवरत नाही. लाफ्लर म्हणजे फूल, लातुलिप म्हणजे ट्युलिप, सांसूसी म्हणजे बिनघोर, लाजनेस म्हणजे तारुण्य, त्राँशमोंतान्य म्हणजे डोंगर कापणारा. व्हादबाँकर म्हणजे साधारण 'खुशीनं निघालेला'. बंदुका खांद्यावर आणि नावं फुलांची! आज इथल्या दारांवरच्या पाट्यांवर हीच नावं आहेत.

काही नावं मुलखावरून आली: आंजूहून आला तो लांजव्हें, पिकार्दीचा तो पिकार. काही जमिनीच्या तुकड्यावरून. आणि काही निव्वळ अडचणीतून, कारण एकाच गावात एकाच नावाचे चार जण झाले की पाद्रीसुद्धा गोंधळतो.

रॉय हे तर अडचणीचं मूळच. फ्रान्सहून आलेले रॉय आणि लेरॉय एकमेकांचे कोणी नव्हते. नॉर्मंडीच्या निकोला लेरॉयचे वंशज वेगळे. रॉय उर्फ ओदी वेगळे, रॉय उर्फ शातेलरो वेगळे. आणि आमच्या कामुरास्काच्या टापूत देजार्दँवाल्यांच्या शेजारी रॉय उर्फ लोझिए नांदत होते. म्हणजे नोंदीत नुसतं 'रॉय' दिसलं तर ते कोणाचं, हे आडनावावरून कळणार नाही.

२४ नोव्हेंबर

चढायला सुरुवात. खालून वर, लग्नावरून लग्नाकडे.

बाप्तिस्म्याच्या नोंदीपेक्षा लग्नाची नोंद भारी, कारण तिच्यात वर आणि वधू दोघांच्या आई-वडिलांची नावं असतात, आणि आयांची नावं माहेरची. मग पुढचा शोध 'रॉय' असा करायचाच नाही. बाप आणि आई हे जोडपं शोधायचं. एकाच टापूत त्याच नावाचा नवरा आणि त्याच नावाची बायको अशी दोन जोडपी मिळणं फार विरळा. सासऱ्यांपासून चार पिढ्या या रीतीनं एका रविवारात वर गेले. नवऱ्याच्या पणजोबांचं लग्न 'देजार्दँ' नावानं, त्यांच्या भावाचं दुसऱ्या पॅरिशमध्ये (म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत) 'रॉय' नावानं, पण दोन्ही नोंदींत आई-वडील अक्षर न् अक्षर तेच. थडग्याचा फोटो सुटला. वेगळं गाव, वेगळा पाद्री, वेगळी सवय, बाकी काही नाही.

जुन्या वह्या वाचण्याबद्दल दोन गोष्टी इथे टिपून ठेवते, पुन्हा पुन्हा लागतात.

महिना बऱ्याचदा आकड्यानं लिहिलेला असतो. आठचा आकडा आणि त्याला जोडून 'ब्र' अशी अक्षरं. हा ऑगस्ट नव्हे, ऑक्टोबर. सात म्हणजे सप्टेंबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा, म्हणजे फुलीसारखं चिन्ह, म्हणजे डिसेंबर. मार्चपासून वर्ष मोजायच्या काळातली ही गणती. याद्या करणाऱ्यांनी पुष्कळ ठिकाणी याचा ऑगस्ट केला आहे, तेव्हा यादीत तारीख जुळली नाही तरी पान उलटून पाहायचं.

दुसरं, लग्नाचे महिने. चातुर्मासात आपल्याकडे मुहूर्त नसतात, तसं इथे नाताळाआधीच्या आणि ईस्टरआधीच्या उपासकाळात लग्नं लागत नसत. म्हणून नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीत झुंबड. मार्चमधलं लग्न दिसलं की मी थांबून तारीख पुन्हा वाचते.

७ डिसेंबर

सासूबाईंनी पर्समधून त्यांचं आरोग्यविम्याचं कार्ड काढून दाखवलं. इथे त्याला 'सूर्यकार्ड' म्हणतात, त्यावर सूर्याचं चित्र असतं. लग्न १९७० च्या दशकातलं, गावात त्या नवऱ्याच्या नावानंच ओळखल्या जायच्या, पत्रंही तशीच यायची. कार्डावर मात्र माहेरचं नाव. २ एप्रिल १९८१ पासून क्वेबेकच्या कायद्यात नवरा-बायको दोघांचं नाव लग्नानंतर जन्माचं तेच राहतं. नागरी संहितेचं ३९३ वं कलम. हौस म्हणून सासरचं नाव लावून घ्यायचं म्हटलं तरी सहजासहजी मिळत नाही.

माझ्या लग्नानंतर सांगलीकडून "मग आता तू देजार्दँ का?" असा प्रश्न आला होता. कायदाच नको म्हणतो, हे उत्तर मिळाल्यावर विषय एका मिनिटात संपला. आईला तर मनातून आनंदच झाला असावा.

वंशावळीच्या दृष्टीनं यात मोठी गंमत आहे. १९८१ चा कायदा स्त्रीवादी चळवळीतून आला, हे खरं. पण वह्यांत बायका तीनशे वर्षं माहेरच्याच नावानं नोंदल्या जात होत्या. बाप्तिस्म्याला मूल आणलं की आई माहेरच्या नावानं, जमीन विकली की माहेरच्या नावानं, गेली की 'अमक्याची पत्नी' एवढं पुढे जोडून पुन्हा माहेरच्याच नावानं. व्यवहारात तिला कोणी काहीही हाक मारो. त्यामुळे इथे पुरुषाचं नाव तीन तऱ्हांनी बदलतं आणि बायकोचं टिकतं. माझ्या तक्त्यात देजार्दँंना जागेवर धरून ठेवलंय ते त्यांच्या बायकांनी.

बायकांच्या माहेरच्या फांद्या जरा वर चढवल्या की झाकारी क्लुतिए भेटतोच. १६३४ मध्ये मोर्तान्यहून आलेला सुतार. विद्यापीठाच्या हिशेबानं १८०० सालापर्यंत त्याचे विवाहित वंशज १०,८५० झाले होते, कुठल्याही आद्य पुरुषापेक्षा जास्त. त्याला लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी कुऱ्हाड काढायचा. नवऱ्याला सांगितलं की तुझ्यात क्लुतिए सापडला, तर म्हणाला, "इथे ज्याच्यात सापडत नाही त्याची बातमी होते."

१४ डिसेंबर

तीन भाऊ, तिघंही जोझेफ. त्यात काही विशेष नाही. मुलगा असला की जोझेफ आणि मुलगी असली की मारी हे नाव आधी लागायचं, मग धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं, आणि हाक मारायचं नाव शेवटी. कॅनडाचे एकेकाळचे पंतप्रधान प्येर त्रुदो यांचं पूर्ण नाव जोझेफ फिलिप प्येर इव्ह इलियट त्रुदो, त्यातही पहिला जोझेफच. जनगणनेत हेच लोक शेवटच्या नावानं येतात. तक्त्यात हाकेचं नाव ठळक, बाकीची बारीक अक्षरात.

१९ जानेवारी

अडले आहे.

सातव्या पिढीतला पुरुष. १७८० च्या दशकातलं लग्न, वर नुसता 'रॉय', वधू 'देजार्दँ'. वर विधुर आहे. आणि विधुराच्या नोंदीत आई-वडिलांची नावं लिहायची गरज पाद्र्याला वाटत नाही, त्यांच्या जागी पहिल्या बायकोचं नाव येतं. पहिलं लग्न कुठल्याच यादीत सापडत नाही. त्याच वयाचे, त्याच नावाचे दोन उमेदवार आहेत: एक लोझिएंच्या घरातला, एक देजार्दँंच्या. ऑनलाइन झाडांपैकी निम्म्यांनी त्याला लोझिए केलंय, निम्म्यांनी देजार्दँ. पुरावा कोणीच देत नाही. एकानं लिहिलं ते दहांनी उतरवलं.

सासरे लोझिए निघाले तर चौकटीवर काय लिहायचं, हा नणंदेचा प्रश्न. बायको तर देजार्दँच आहे, तिच्याकडून नाव आलं म्हणू, हे नवऱ्याचं उत्तर. हे उत्तर वाटतं तितकं वेडगळ नाही, कारण आईकडचं उर्फही कधीकधी पुढे आलेलं आहे. पण अंदाजावर काही लिहायचं नाही.

१ फेब्रुवारी

बर्फ कमी होता म्हणून व्हिजे रस्त्यावरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेले. जुन्या वाणिज्य महाविद्यालयाची दगडी इमारत, आत उंच छत आणि शांत वाचनकक्ष. घरीही हेच स्कॅन दिसतात. इथे आले ते अक्षर वाचायला मदत मिळेल म्हणून. ती मिळाली. टेबलावरच्या बाईंनी पान मोठं करून माझ्याकडे वळवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी ती ओळ ठरावीक मजकूर समजून सोडून देत होते.

ओळीचा आशय असा, की वधूवरांना रक्तसंबंधाच्या तिसऱ्या पायरीची सूट धर्माधिकाऱ्यांकडून मिळालेली आहे.

चर्चची मोजणी अशी. सख्खी भावंडं पहिल्या पायरीवर. त्यांची मुलं, म्हणजे चुलत, मावस, आते, मामे भावंडं, दुसऱ्या पायरीवर. त्यांची मुलं तिसऱ्या. तिसऱ्या पायरीवरच्या दोघांचे पणजोबा-पणजी समान असतात. १९१७ पर्यंत चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्यात परवानगीशिवाय लग्न करता येत नसे. छोट्या गावांत, नदीकाठच्या लांबट शेतांच्या रांगेत, तीन पिढ्यांत सगळेच एकमेकांचे कोणीतरी लागत. त्यामुळे सूट मागणं ही रोजचीच गोष्ट होती आणि ती नोंदीत लिहिली जायची.

म्हणजे या 'रॉय'चे आणि या 'देजार्दँ' मुलीचे एक पणजोबा समान आहेत. मुलीची वंशावळ पक्की आहे. तिच्या पणजोबा-पणजींच्या चार जोड्या. आता दोन्ही उमेदवारांच्या चार-चार जोड्या काढायच्या आणि कुठे जुळतं ते बघायचं.

८ फेब्रुवारी

जुळलं.

लोझिए उमेदवाराच्या चारही जोड्या काढल्या, मुलीच्या एकाही जोडीशी जुळत नाहीत. देजार्दँ उमेदवाराच्या बापाकडून बाप, त्याचा बाप असं वर गेलं की प्येर रॉय. मुलीच्या बापाकडूनही वर गेलं की तोच प्येर रॉय. दोघंही एकाच घरातले, दोघांचंही पूर्ण नाव रॉय उर्फ देजार्दँ. पाद्र्यानं वराला अर्धं दिलं आणि वधूला उरलेलं अर्धं. हे त्यानं मुद्दाम केलं असावं असं माझं मत. एकाच पानावर वधूही रॉय, वरही रॉय, सासराही रॉय असं लिहिलं तर पुढच्या पाद्र्यानं वाचायचं कसं?

नवऱ्याला कागदावर दोन खांब काढून दाखवले, तेव्हा कुठे त्याला पटलं. मग त्यानं विचारलं, "म्हणजे आपण दोन्ही बाजूंनी देजार्दँ?" हो. दुहेरी.

१६ फेब्रुवारी

एका पुराव्यावर थांबायला नको म्हणून नोटरीचे कागद बघितले. इथे लग्नाआधी नोटरीसमोर करार करायची पद्धत होती. पॅरिसच्या रिवाजाप्रमाणे मालमत्ता सामाईक, बायकोला नवऱ्यामागे काय मिळेल, आधीच्या लग्नाच्या मुलांचं काय, सगळं त्यात. विधुराचा करार असला की मागच्या संसाराचा हिशेबही आलाच. अठराव्या शतकाअखेरपर्यंतच्या अशा कागदांची एक मोठी सूची आहे, तिच्यातून नोटरी आणि तारीख मिळाली, मग स्कॅन.

कराराच्या पहिल्याच पानावर वराच्या बापाचं आणि आईचं नाव. देजार्दँ उमेदवाराचेच आई-वडील. खाली हजर नातेवाइकांची यादी: वराचे दोन भाऊ, एक रॉय म्हणून, एक रॉय उर्फ देजार्दँ म्हणून. शेवटी ठरलेलं वाक्य, की विचारल्यावर पक्षकारांनी आपल्याला लिहिता किंवा सही करता येत नसल्याचं सांगितलं. ज्यांना नाव लिहिता येत नव्हतं त्यांचं नाव कसं लिहायचं हे नोटरी ठरवायचा, पाद्री ठरवायचा. त्यांना स्वतःला त्यात काही वावगं वाटत नसणार.

करारातली वराची चीजवस्तू: एक घोडी, दोन बैल, नांगर, लोखंडी शेगडी.

२ मार्च

टोकाला पोचले. प्येरचा बाप आंत्वान रॉय उर्फ देजार्दँ. बर्गंडीतल्या ज्वान्यी गावचा पिंपं करणारा, कारिन्याँ रेजिमेंटबरोबर १६६५ मध्ये आलेला. १६६८ मध्ये क्वेबेक शहरात त्याचं मारी माजोरशी लग्न झालं. ती 'राजाच्या मुलीं'पैकी एक. १६६३ ते १६७३ मध्ये लुईनं वसाहतीत संसार वाढावेत म्हणून पावणेआठशेच्या आसपास तरुण बायका सरकारी खर्चानं पाठवल्या, त्यांना हे नाव पडलं. प्येर हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याचं घर नदीच्या खालच्या अंगाला, कामुरास्काकडे वाढलं, आणि या घराण्यातले सगळे देजार्दँ त्या एकट्या मुलातून आले.

आता आंत्वानचा शेवट. १६८४ च्या जुलैत, लाशीनमध्ये, ज्युलियाँ तालुआ उर्फ व्हाँदामाँ नावाच्या माणसानं त्याला आपल्या बायकोबरोबर, आन गोदबीबरोबर, पाहिलं आणि ठार मारलं. (मारणाराही उर्फवालाच.) खटला उभा राहिला, कागद राहिले. लाशीन आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात कालव्याकाठी आम्ही आइस्क्रीम खायला तिथेच जातो.

आमच्या कुलवृत्तांतात असलं काही छापलं नसतं. आमच्याकडे सगळे मूळपुरुष कोकणातून सत्शील म्हणूनच निघालेले असतात. इथे मात्र ही गोष्ट देजार्दँ मंडळींत उघडपणे सांगितली जाते. सासऱ्यांना सांगावं का, असं नवऱ्याला विचारलं. "सांग की. ते वाढदिवसाच्या केकवर लिहून घेतील."

९ मार्च

इथे देजार्दँ आडनाव सांगितलं की समोरचा विचारणारच, "बँकेवाले का?" माझ्या पर्समधल्या कार्डावरही तेच नाव आहे. आल्फाँस देजार्दँ यांनी १९०० च्या डिसेंबरमध्ये लेव्हीला पहिली सहकारी पतपेढी काढली, तिचा आज एवढा डोलारा झालाय. त्यांच्या वडिलांचं नाव नोंदीत फ्रॉन्स्वा रॉय उर्फ देजार्दँ, आईचं क्लारिस मिव्हिल उर्फ देशेन. पत्नी दोरिमेन, पतपेढी चालवण्यात तिचा वाटा आल्फाँसइतकाच मोठा, तीही माहेरची रॉय-देजार्दँ. म्हणजे त्या जोडप्याचं आमच्या सातव्या पिढीसारखंच. सासऱ्यांशी नातं आहे, पण इतकं लांबचं की व्याजात सूट मिळायची नाही.

२३ मार्च

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या वूनसॉकेटहून ईमेल. नवऱ्याच्या डीएनए तपासणीशी जुळणाऱ्या एक बाई, आडनाव किंग. आजोबा फ्रेंच बोलायचे, एवढंच माहीत. रॉय म्हणजे राजा, त्याचं किंग झालंय हे उघड आहे.

१८४० ते १९३० मध्ये नऊ लाखांच्या आसपास फ्रेंच कॅनेडियन सीमा ओलांडून गेले, बहुतेक न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत. तिथे बुआव्हेरचं ग्रीनवुड झालं, लब्लांचं व्हाइट, लाजनेसचं यंग, कुर्तमांशचं शॉर्टस्लीव्हज. काही ठिकाणी अर्थ नेला, काही ठिकाणी नुसता आवाज. देजार्दँंचे गार्डनरही झालेत.

त्यांना कळवलं की नगरपालिकेच्या दाखल्यांवर वेळ घालवू नका, तिथल्या फ्रेंच पॅरिशची वही मागवा. नगरपालिकेत कारकुनानं 'किंग' लिहिलं त्याच लग्नाला पाद्र्यानं 'रॉय' लिहिलेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि मुख्य म्हणजे आयांची माहेरची नावं तिथे मिळतील. अमेरिकी कागदांत बायको 'मिसेस किंग' झाली की दोर तिथेच तुटतो.

६ एप्रिल

उत्तर आलं, पॅरिशच्या वहीच्या पानासकट. नवरा रॉय, बायको माहेरच्या नावानं, दोघांचे आई-वडील, कामुरास्काजवळचं पॅरिश. थडग्याच्या फोटोतल्या भावाचा हा मुलगा. त्या बाईंना तक्त्यात एक फांदी दिली आहे.

१३ एप्रिल

छपाईवाल्याकडे द्यायची आखणी केली. प्रत्येक पुरुषापुढे त्याचं लग्न ज्या नावानं नोंदलं ते नाव, जसंच्या तसं: कुठे रॉय, कुठे देजार्दँ, कुठे दोन्ही. नणंदेला एकसारखं 'देजार्दँ' हवं होतं, दिसायला बरं म्हणून. मी ऐकलं नाही. बायकांची नावं पुरुषांइतक्याच मोठ्या अक्षरात. आंत्वानखाली 'लाशीन, १६८४' एवढंच; बाकीचं तोंडी.

सगळ्यात खाली आमची लेक. तिला आम्ही दोघांची आडनावं जोडून दिली आहेत, माझं आधी. कायदा दोनापर्यंत परवानगी देतो, तिसरं चालत नाही. तिनं पुढे दोन आडनावांच्या मुलाशी संसार थाटला तर चारांतून दोन निवडावी लागतील. तिची शाळा तिच्या आडनावातला पहिला भाग नीट उच्चारायला शिकली आहे, हेही नसे थोडके.

२० एप्रिल

तक्ता छपाईला गेला. सासूबाईंनी विचारलं, "आणि माझे लोक?"

त्यांच्या आईकडची बाजू अकाडियाची, आजच्या नोव्हा स्कोशियातली. तिथे हे सगळं इतकं सरळ नाही. १७५५ पासून इंग्रजांनी अकाडियन लोकांना घरंदारं जाळून हुसकावलं आणि वेगवेगळ्या वसाहतींत पांगवलं. त्यात पुष्कळ वह्या गेल्या. पोर-रॉयालची १७०२ पासूनची वही मात्र वाचली आहे. ग्राँ-प्रेची वही तिथल्या लोकांनी बरोबर नेली आणि ती अखेर लुइझियानात पोचली. आज ती बॅटन रूजच्या धर्मप्रांताकडे आहे.

सासूबाईंच्या पूर्वजांतलं एक जोडपं ग्राँ-प्रेचं निघतंय. बॅटन रूजला आज विचारणा पाठवली, दोघांची नावं, तिचं माहेरचं, आणि लग्नाचं अंदाजे साल घालून.